सात आठवडे होऊनही ठोके दिसले नाहीत : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील एका गावात राहते आणि ही माझी पहिलीच खेप आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सात आठवडे व दोन दिवस झाले असताना चिपळूणला पोटावरून सोनोग्राफी झाली. रिपोर्टनुसार गर्भाशयात गर्भकोश असून त्याचा सरासरी व्यास १२ मिमी आहे, योक सॅकही (सुरुवातीला भ्रूणाला पोसणारा इवला कोश) दिसते, मात्र भ्रूण व हृदयाचे ठोके दिसत नाहीत. ‘दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू’ एवढेच डॉक्टर म्हणाले.

माझी पाळी एरवी ३६ ते ३८ दिवसांनी येते, पण त्या कागदावर याचा उल्लेख नाही. अशा बाईचे आठवडेही त्याच हिशोबाने धरतात का, आणि या दिवसांत बाळाचे नेमके काय घडत असते? सासूबाईंच्या मते मी कुळथाची पिठी आणि कुर्ल्या खाल्ल्या, वर खड्ड्यांतून एसटीने गेले, म्हणून वाढ थांबली. त्या काळजीपोटीच बोलतात हे कळते, तरी रोज ताटावर बसले की तेच ऐकावे लागते. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

ताई, मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. आठवडे मोजण्याच्या रूढ पद्धतीत पाळी २८ दिवसांची आणि बीज १४व्या दिवशी सुटते असे गृहीत धरलेले असते. बीज सुटल्यावर पुढची पाळी साधारण दोन आठवड्यांनी येते, त्यामुळे तुमच्या बाबतीत ते २२ ते २४व्या दिवसाच्या सुमारास सुटत असणार. म्हणजे सोनोग्राफीच्या दिवशी खरे तर सहाच आठवडे भरत होते, आणि १२ मिमीचा कोश त्या वयाशी जुळतो.

तेव्हा फलन होऊन जेमतेम चार आठवडे झालेले असतात. नळीसारखे हृदय नुकतेच धडधडू लागलेले असते, ज्या मज्जानलिकेतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती मिटत आलेली असते (फॉलिक ॲसिड लवकर सुरू करतात ते याचसाठी), हातांचे कोंब डोकावू लागतात, आणि हा सारा जीव असतो तीन-चार मिमीचा. पोटावरून पाहताना तो योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीपेक्षा काही दिवस उशिरा दिसतो. सगळे ठीकच आहे असे मात्र आज कोणीही सांगू शकणार नाही. योक सॅक दिसल्यानंतर किमान ११ दिवसांनीही भ्रूण आणि ठोके दिसले नाहीत, तर गर्भ वाढत नाही असे निदान करतात. दोन आठवडे थांबायला सांगितले ते त्यामुळे. तोपर्यंत पिशवी साफ करण्याच्या गोळ्या कोणी सुचवल्या तरी घेऊ नका, आणि पुढच्या वेळी पाळीचे अंतर आठवणीने सांगा.

कुळीथ, नीट शिजवलेल्या कुर्ल्या किंवा एसटीचे धक्के यांनी गर्भाची वाढ थांबत नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांतील दोष आढळतो आणि त्यावर आईचा काही इलाज नसतो. सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की पटेल. बांगडा, तारली खुशाल खा, पण मोरी (शार्क मासा) टाळा आणि मोठी सुरमई कमी खा, कारण त्यांत पारा अधिक असतो.

खूप रक्तस्राव झाला, पोटात एका बाजूला तीव्र कळ आली किंवा चक्कर येऊन पडायला झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता १०८ला फोन करून लगेच रुग्णालय गाठा.