मेंटेनन्सचा चेक आणि बुद्धिबळातला शह

खजिनदार, सी विंग: नमस्कार मंडळी, ज्यांचे या तिमाहीचे चेक यायचेत त्यांनी शनिवारपर्यंत ऑफिसच्या पेटीत टाका, मागे फ्लॅट नंबर लिहा आणि तारीख नीट चेक करा प्लीज, ३ महिन्यांच्या वर जुना चेक बँक घेत नाही, २०१२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, आधी ६ महिने चालायचा.

बी-२०३: दादा, तुमचा मेसेज वाचून आमची पाचवीतली लेक विचारतेय की बँकेचा चेक, चेक करणं, चेक्सचा फ्रॉक आणि चेसमधलं चेक हे एकच का? मी म्हटलं वेगवेगळे असतील.

ए-१०४ आजोबा: वेगळे नाहीत गं, एकाच घरातले आहेत सगळे. मूळ फारसी शाह, म्हणजे राजा, आपल्या बादशहातला शहा तोच. चतुरंग, म्हणजे बुद्धिबळाचं जुनं रूप, भारतातून इराणात गेला आणि तिथे राजावर हल्ला झाला की शाह म्हणायचे, सावध हो, राजा धोक्यात. तो शब्द अरबी, लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीत चेक झाला. राजावर चाल आली की बाकी सगळं थांबतं, म्हणून चेक म्हणजे अडवणं, त्यातून मग पडताळून बघणं आलं. आणि चेकमेट म्हणजे शाह मात, राजा हतबल झाला, मेला नाही, पटावर राजा मरत नाहीच ना कधी.

बी-२०३: मग फ्रॉक?

ए-१०४ आजोबा: बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, म्हणून.

डी-३०५: काका हे भारी आहे, पण पैशाशी काय संबंध? एवढं नाही कळलं

ए-१०४ आजोबा: १२ व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब चौकटी आखलेलं कापड टेबलावर पसरून करायचे, एकेका रकान्यात सोंगट्या सरकवून पेनी, शिलिंग, पौंड मोजायचे, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही समोर दिसायचं किती देणं किती येणं. पटासारखं दिसायचं म्हणून त्या खात्याचंच नाव एक्सचेकर पडलं, त्यांचे अर्थमंत्री अजून चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणवतात. बँकेचा चेक मात्र पडताळणीतून आला, आधी चेक म्हणजे बँकेच्या कागदाचं मागे राहणारं अर्धुक, फसवणूक होऊ नये म्हणून ताडून बघायला. ब्रिटिशांनी त्याचं स्पेलिंग एक्सचेकरच्या (exchequer) वळणावर नेलं, cheque.

ए-४०१: म्हणून अमेरिकेत वेगळं लिहितात! मुलाकडे गेले होते तेव्हा बँकेच्या दारावर वाचून मला वाटलं चूक झालीय त्यांची

ए-१०४ आजोबा: चूक नाही, त्यांनी check हे जुनं सरळ स्पेलिंग ठेवलंय. मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू का, आपण मराठीत शह देणं म्हणतो, शह-काटशह म्हणतो, मात केली म्हणतो, ते फारसीतून थेट आपल्याकडे आलं. आणि तोच शब्द अख्खं युरोप फिरून इंग्रजांबरोबर चेक होऊन परत आला. एकाच भाषेत दोन्ही नांदतायत आणि एकमेकांना ओळखत नाहीत. लेकीला म्हणावं रविवारी सकाळी पट घेऊन खाली ये, खेळता खेळता दाखवतो.

बी-२०३: ती आत्ताच सोंगट्या शोधायला गेलीये, एक घोडा हरवलाय

खजिनदार, सी विंग: घोडा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे, गणपतीत कॅरमच्या सामानात आला होता. येताना चेक पण आणा ताई.