मुलीच्या छातीतल्या गाठीत सुई घालून तपासणी : करावी का?

कलमबाग_देवगड

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची, वजन २१ किलो. शिमग्यापासून तिला संध्याकाळचा ताप येतो, खोकला आहे, जेवण तुटलं आहे. कणकवलीला एक्स-रेमध्ये छातीच्या मध्यभागी सावली दिसली, म्हणून फोंडाघाट चढून कोल्हापुरात सीटी स्कॅन केला. दोन गाठी आहेत. मोठी अडीच सेंटीमीटरची, श्वासनलिका जिथे दुभंगते त्याच्या खाली. दुसरी लहान, श्वासनलिकेच्या उजव्या अंगाला. मँटू (क्षयासाठी हातावर टोचून करतात ती चाचणी) १६ मिलिमीटर आली. सकाळी उपाशीपोटी नळी घालून पोटातलं पाणी तपासलं, त्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत.

आता डॉक्टर म्हणतात, तोंडातून दुर्बीण घालू आणि सोनोग्राफीवर बघत अन्ननलिकेतून गाठीत सुई घालू. गाठ श्वासनलिकेजवळ आणि सुई अन्ननलिकेतून, हे मला समजत नाही. पूर्ण भूल द्यावी लागेल. आई हटून बसली आहे, "गाठीक सुई लावलस तर ती पसारतली." भाऊ म्हणतो टीबीच असणार, गोळ्या सुरू करून बघू. आंबा उतरवायचे दिवस आहेत, ते मी बघून घेईन. एवढंच कळू दे की हे खरंच गरजेचं आहे का.

वेंगुर्ल्याची_सिस्टर

भाऊ, मुंबईत लहान मुलांच्या ब्रॉन्कोस्कोपीच्या (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासतात त्या) खोलीत माझी बरीच नोकरी झाली, म्हणून लिहिते.

आधी अन्ननलिकेचं. या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो, त्यामुळे टोक जवळपास सात मिलिमीटर जाड होतं. एवढ्याशा मुलीच्या श्वासनलिकेत ते घातलं तर श्वासाला जागा फार थोडी उरते. अन्ननलिका श्वासनलिकेच्या मागूनच खाली जाते आणि दुभंगाखालची गाठ तिला जवळजवळ चिकटून असते. तिथून सुई घातली तर श्वासाची वाट मोकळी राहते, खोकल्याची उबळ येत नाही. उजवीकडच्या गाठीपर्यंत तिथून सहसा पोचता येत नाही, मध्ये हवेने भरलेली श्वासनलिका येते आणि हवेपलीकडचं सोनोग्राफीला दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी मोठी गाठ निवडली असणार, आणि ती निवड मला पटते.

सुई २१ किंवा २२ गेजची असते. मुलांना सलाइनसाठी लावतात ती निळी सुई २२ गेजची, जाडी तेवढीच. सुई गाठीत शिरताना पडद्यावर दिसते, रक्तवाहिन्या रंगात दिसतात, त्या चुकवता येतात. आईंना सांगा, क्षयाची असो की लिम्फोमाची (म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची), गाठ पसरेल या भीतीने कुणी ही तपासणी टाळत नाही.

आता भावाचं म्हणणं. मुलांच्या क्षयात जंतू मुळात थोडे असतात, त्यामुळे पोटातल्या पाण्यात न सापडणं म्हणजे क्षय नाही असं नव्हे. पण मँटू मोठी आली म्हणजे ही गाठ क्षयाचीच, असंही नव्हे. लिम्फोमातही ताप येतो, वजन उतरतं. आणि क्षयच निघाला, तरी जंतू रिफाम्पिसिनला, म्हणजे क्षयाच्या मुख्य औषधाला, दाद देतात की नाही हे आधी कळायला हवं. नाहीतर महिनोन्‌महिने चुकीच्या गोळ्या घेत पोर खंगत जातं. अशी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून तळमळून सांगते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय स्टेरॉइडही कुणाकडून देऊ नका. लिम्फोमाची गाठ त्याने तात्पुरती विरते आणि निदान हातचं जातं.

सगळ्यात महत्त्वाचं : नमुना कशात ठेवणार ते आधीच विचारा. जीन एक्सपर्ट (क्षयाचे जंतू आणि रिफाम्पिसिनला दाद, दोन्ही झटपट सांगणारी चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) यांसाठीचा भाग सलाइनमध्ये हवा. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. पॅथॉलॉजीचा भाग वेगळा. लिम्फोमाची शंका असेल तर फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) आणखी वेगळा. सगळा नमुना एकाच बाटलीत गेला की पुन्हा भूल, पुन्हा सुई. लिम्फोमाला कधी कधी सुईचा नमुना पुरत नाही, मोठा तुकडा काढावा लागतो. तेही आधीच विचारून ठेवा.

भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी आपणहून सांगा. उताणी झोपल्यावर तिला दम लागतो का, सकाळी चेहरा सुजतो का, आणि कुठला दात हलतो का. पहिल्या दोन सर्वांत मोलाच्या, कारण पुढून मोठी गाठ श्वासनलिका दाबत असेल तर भुलेचा सगळा बेत बदलतो. दूध आणि जेवण सहा तास आधी बंद. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं.

नंतर घसा दुखतो, थुंकीत थोडं रक्त दिसू शकतं. ताप चढला, छातीत दुखलं, दम लागला किंवा गिळताना कळ आली तर लगेच परत न्या. त्याच दिवशी घाट उतरू नका, रात्र कोल्हापुरातच काढा.

रत्नांग्रीकर

आमच्या शेजारच्या मुलाला सुई न घालताच गोळ्या दिल्या, बरा झाला.

वेंगुर्ल्याची_सिस्टर

होतं तसं. घरात कुणाला थुंकीत जंतू असलेला क्षय असेल आणि मुलाचा एक्स-रे क्षयात दिसतो तसाच असेल, तर डॉक्टर विचार करून तसं ठरवतात. इथे घरात कुणी पेशंट असल्याचं भाऊंनी लिहिलेलं नाही, गाठ मोठी आहे आणि ती सुईच्या टप्प्यात आहे. अशा वेळी मी नमुन्याच्याच बाजूची.

गुहागरची_आई

माझ्या मुलाचं हेच झालं, तो अकरा वर्षांचा. जीन एक्सपर्टचा निकाल लगेच कळला, कल्चरला मात्र सहा आठवडे थांबावं लागलं. क्षयच निघाला, साध्या गोळ्यांना दाद देणारा. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या, निक्षय पोषण या क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेचे महिना १००० रुपये खात्यात आले. लघवी केशरी झाली तेव्हा सासूबाई घाबरल्या होत्या. ती रिफाम्पिसिनमुळे होते. भुलेतून उठल्यावर त्याने पहिलं काय मागितलं, तर पेज आणि सुकट. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत थांबवला.

कलमबाग_देवगड

ताई, फोनवर विचारलं. सलाइन आणि फॉर्मेलिन दोन्ही बाटल्या ठेवणार आहेत. उताणी झोपते, दम लागत नाही. खालचा एक दात मात्र हलतोय. आईला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, ती आता सोबत येते म्हणते. पुढच्या गुरुवारी करायचं ठरलंय.

वेंगुर्ल्याची_सिस्टर

चांगलं झालं. दाताचं भूलतज्ज्ञांना त्या सकाळी परत सांगा, फाइलमध्ये लिहिलेलं असलं तरी. आणि निघताना कल्चरचा लॅब नंबर मागून घ्या.