शब्दचर्चा: 'उत्क्रांती' आणि तिचा 'जनक'

प्रश्न दोन आहेत, एकत्रच टाकतोय. 'उत्क्रांतीवादाचा जनक चार्ल्स डार्विन' हे वाक्य सगळीकडे ठोकून दिलेलं असतं, स्पर्धा परीक्षांच्या गाईडात तर हमखास. पण डार्विनच्या आधीही लोक हे बोलत होते म्हणे, मग जनक हा शब्द बरोबर आहे का? आणि उत्क्रांतीचं क्रांतीशी काही नातं आहे का?

*

आहे की. दोन्हीकडे धातू एकच, क्रम्, पाऊल टाकणं. त्याला उत् लागला की वर जाणं किंवा बाहेर पडणं. गंमत म्हणजे संस्कृतात उत्क्रांती म्हणजे जीव शरीर सोडून जाणं, सरळ बोलायचं तर मरण. गीतेच्या पंधराव्या अध्यायात 'उत्क्रामन्तं स्थितं वापि' येतं ना, तिथे हाच अर्थ. टिळकांना हे चांगलंच खटकलं होतं, गीतारहस्यात (१९१५) त्यांनी म्हटलंय की संस्कृतात उत्क्रांतीचा अर्थ मृत्यू होतो, तेव्हा गुणविकास, गुणोत्कर्ष, गुणपरिणाम असे सांख्य दर्शनातले शब्द वापरलेले बरे. कुणी ऐकलं नाही. हिंदीवाले विकासवादाकडे गेले, आपण उत्क्रांतीच धरून बसलो, आणि माझ्या मते बरंच झालं. विकास म्हटलं की सगळं सुधारतच चाललंय असं वाटतं, आणि अंधाऱ्या गुहेत राहून राहून माशांचे डोळे गेले तीही उत्क्रांतीच आहे, तिला विकास कोण म्हणेल?

*

इंग्रजीवाल्यांचीही तीच तऱ्हा. इव्होल्यूशन म्हणजे मूळ लॅटिनमध्ये गुंडाळी उलगडणं. अठराव्या शतकात हालर वगैरे शरीरशास्त्रज्ञ मंडळी हा शब्द गर्भाबद्दल वापरायची, म्हणजे बीजात आख्खा जीव छोट्या रूपात आधीच तयार असतो आणि नंतर तो नुसता उलगडतो, असं त्यांचं म्हणणं. आजच्या अर्थाच्या जवळपास उलटं! डार्विनच्या १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत इव्होल्यूशन हा शब्दच नाही, अगदी शेवटचा शब्द तेवढा 'इव्हॉल्व्ड' आहे. इव्होल्यूशन थेट सहाव्या आवृत्तीत आला, १८७२ ला. तो शब्द गाजवला हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाने, आणि 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हेही त्याचंच (१८६४). वॉलेसने, म्हणजे निवडीची कल्पना स्वतंत्रपणे सुचलेल्या दुसऱ्या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने, डार्विनला आग्रह करून ते घ्यायला लावलं, आणि १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत ते आलं. म्हणजे डार्विनच्या नावावर खपणारे दोन सगळ्यात गाजलेले शब्द डार्विनचे नाहीतच.

*

एवढं लांब कशाला जायचं, आपल्याकडे दशावतारात सगळं आहे. आधी पाण्यातला मत्स्य, मग पाण्यात न् जमिनीवर दोन्हीकडे चालणारा कूर्म, मग वराह, मग अर्धा प्राणी अर्धा माणूस नरसिंह, मग बुटका वामन. श्रेय द्यायचंच तर तिथे द्या ना!

*

दादा, रागावू नका, पण ही सांगड लोकांनी डार्विन वाचल्यावर घातलेली आहे. थिऑसॉफी या गूढविद्येच्या पंथाच्या संस्थापकांपैकी ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या १८७७ च्या पुस्तकात ती येते, म्हणजे डार्विनचं पुस्तक येऊन अठरा वर्षं झाल्यावर. माशाच्या पिढ्या बदलत बदलत कासव झालं असं दशावतारात कुठे आहे? प्रत्येक वेळी विष्णूच नवं रूप घेऊन येतो. आणि शब्दचर्चाच चाललीय तर अवतार म्हणजे खाली उतरणं, उत्क्रांती म्हणजे वर जाणं, दिशाच उलटी आहे हो :)

*

मूळ प्रश्नातल्या जनकाकडे येतो, कारण भांडण खरं तिथे आहे आणि ते होतं ते दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्यामुळे. एक, सजीव कायम तसेच नसतात, पिढ्यान्‌पिढ्या बदलत एका जातीतून दुसरी निघते. दोन, हे घडतं कसं, तर नैसर्गिक निवडीने, म्हणजे पिल्लं जगतील त्यापेक्षा जास्त होतात, त्यांच्यात थोडाथोडा फरक असतो, ज्यांना तो फरक कामी येतो ती टिकतात आणि तोच फरक पुढच्या पिढीत उतरतो.

पहिल्याचं श्रेय डार्विनला देताच येत नाही. त्याच्या आजोबांनीच, इरॅस्मस डार्विननी, १७९४ मध्ये असं काहीसं लिहून ठेवलेलं. १८०९ ला, म्हणजे डार्विन जन्मला त्याच वर्षी, फ्रान्समध्ये लामार्कने यावर अख्खा ग्रंथ काढला, आणि आपण मात्र शाळेत लामार्क म्हणजे जिराफाची मान, चुकला, पुढचा धडा, असं करून टाकतो. अन्याय आहे हा. बदल का होतो याचं कारण चुकीचं सांगितलं, म्हणून गोष्ट पहिल्यांदा नीट मांडल्याचं श्रेय जात नाही. १८४४ ला रॉबर्ट चेंबर्सने नाव न टाकता पुस्तक छापलं, ते तुफान खपलं आणि शिव्याही तेवढ्याच खाल्ल्या.

दुसरी गोष्टही आधी सुचलेली आहे बरं का. वेल्स नावाच्या डॉक्टरने १८१३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे माणसांच्या कातडीच्या रंगाबद्दल बोलताना निवडीची कल्पना मांडली, पण तेवढ्यापुरतीच. आणि पॅट्रिक मॅथ्यू, स्कॉटलंडचा फळबागवाला, त्याने १८३१ ला ती बऱ्यापैकी स्पष्ट मांडली, पण कुठे? लढाऊ जहाजांना लागणाऱ्या लाकडावरच्या पुस्तकात, तेही परिशिष्टात! १८६० ला त्याने बागकामाच्या साप्ताहिकात पत्र टाकून दावा केला, डार्विनने तिथेच जाहीर कबूल केलं की याने माझ्या आधी हे मांडलंय, आणि वर हेही म्हटलं की अशा पुस्तकाच्या परिशिष्टातलं हे मला माहीत नव्हतं यात कुणाला नवल वाटायला नको. टोमणा आहे, पण खोटं काय आहे त्यात? १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पुस्तकात आधीच्या लोकांचा आढावा आहे, मॅथ्यूचं नावही आहे. वेल्सचं नंतर घातलं.

*

कलकत्त्याचे एडवर्ड ब्लाइथ राहिले. एशियाटिक सोसायटीच्या म्युझियमचे क्युरेटर. इंग्लंडमध्ये असताना १८३५ ते ३७ मध्ये त्यांनी निवडीसारखंच काही लिहिलं होतं, त्यावरून डार्विनने त्यांचं ढापलं असाही आरोप पुढे झाला.

*

आरोप तकलादू आहे. ब्लाइथच्या लेखातली निवड जात आहे तशी राखते, वेडंवाकडं निघालं ते बाजूला काढते. नवी जात घडवणं त्याच्या डोक्यात नव्हतं. उलट तो डार्विनला इथल्या पाळीव जनावरांची, पक्ष्यांची माहिती पत्रांतून ढिगाने पुरवायचा, आणि १८५५ च्या डिसेंबरात कलकत्त्याहून त्यानेच लिहिलं की वॉलेसचा नव्या जाती कशा येतात यावरचा लेख बघा, चांगला आहे. डार्विनने तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

*

आणि वॉलेस म्हणजेच खरा दुसरा हक्कदार. पैसेवाला नाही, किडे न् पक्षी गोळा करून विकून पोट भरणारा. १८५८ ला आताच्या इंडोनेशियात हिवतापाने पडलेला असताना त्याला माल्थस (लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते म्हणणारा) आठवला आणि निवडीची कल्पना सुचली, बरं वाटल्यावर दोनतीन दिवसांत निबंध लिहून पाठवला तो नेमका डार्विनलाच. डार्विनकडे १८४४ चा स्वतःचा मसुदा पडलेला होता, पण छापलेलं काही नाही. लायल आणि हूकर या डार्विनच्या शास्त्रज्ञ दोस्तांनी १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत, दोघांचं एकत्र वाचून दाखवलं, आधी डार्विनचे उतारे, मग वॉलेसचा निबंध. डार्विन आला नाही, त्याचं तान्हं बाळ तीन दिवसांपूर्वी गेलं होतं. वॉलेसला तर कुणी विचारलंसुद्धा नाही, तो तिकडे बेटांवर. सोसायटीच्या अध्यक्षांनी सरत्या वर्षाचा आढावा घेताना सांगितलं की या वर्षी क्रांतिकारक असा काही शोध लागला नाही!

वॉलेसने कधी कुरकुर केली नाही, १८८९ च्या स्वतःच्या पुस्तकाचं नाव चक्क 'डार्विनिझम' ठेवलं. म्हणून आपणही त्याला विसरायचं असं थोडंच आहे?

*

मग जनक काढून टाकायचा का? आणि त्या जागी काय लिहायचं?

*

माझं मत: 'उत्क्रांतीवादाचा जनक' काढा. 'नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विन व वॉलेस यांनी मांडला' एवढं लिहा, गाईडात एका ओळीत बसतं. डार्विनचं मोठेपण त्याने कमी होत नाही. कबुतरं पाळून, समुद्रात खडकांना चिकटणाऱ्या, शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या बार्नॅकल या जीवांवर आठ वर्षं घालवून, पुराव्यांचा डोंगर रचून लोकांना पटवलं ते त्यानेच, मॅथ्यूच्या परिशिष्टाने कुणाला पटलं नव्हतं.

*

जाता जाता, सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्टला 'बळी तो कान पिळी' चालेल का? एका भाषणात ऐकलं.

*

अजिबात नको. फिट म्हणजे बळकट नाही, त्या जागी, त्या वेळी जुळणारा. समुद्रातल्या वाऱ्याच्या बेटांवर बिनपंखी किडे टिकतात कारण उडणारे वाहून जातात, तिथे कोण कुणाचा कान पिळतोय? 'योग्यतमाची टिकाव' असं कुठेसं वाचलं होतं, पण टिकाव पुल्लिंगी, तेव्हा 'योग्यतमाचा टिकाव' म्हणा.