मदत हवी आहे: जंतनाशक देऊनही कोंबड्यांच्या पोटातील जंत परत का येतात?

नमस्कार. गोव्यातील सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडे आत, आमच्या कुळागराला (पोफळी-माडांच्या बागेला) लागून माझी गादी पद्धतीची, म्हणजे जमिनीवर तूस पसरलेली, एक शेड आहे. तीत ग्रामप्रिया जातीच्या अंड्यांवरच्या 400 कोंबड्या आहेत आणि मधोमध जाळी लावून पलीकडे पाच आठवड्यांची 300 पिल्ले वाढवीत आहे. मेपर्यंत कोंबड्यांना दुपारी कुळागरात सोडत असे. पाऊस सुरू झाल्यापासून त्या आतच आहेत.

गेल्या आठवड्यात माझ्या नेहमीच्या एका गिऱ्हाईक बाईंनी अंडे फोडले, तेव्हा आत बोटाच्या लांबीचा पांढरा जंत निघाला. त्या भांडल्या नाहीत. वाटी झाकून घेऊन आल्या आणि घरात लहान मूल आहे, त्याला काही होणार नाही ना, एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून अंडी विकताना मन खात राहते.

मी निष्काळजी नाही. मेच्या शेवटी आणि पुन्हा जूनच्या शेवटी पाण्यातून पायपराझिन हे जंतनाशक दिले होते. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी विष्ठेत दोऱ्यासारखे जंत पडलेले दिसले आणि मी निश्चिंत झालो. पण आज, जुलैच्या मध्यात, ते पुन्हा दिसत आहेत. रोजची अंडी 260 वरून 205 वर आली आहेत, कोंबड्या खाद्य तेवढेच खातात, मात्र अंगाने उतरल्या आहेत आणि तुरे फिकट पडले आहेत.

चार दिवसांपासून पिल्लांच्या बाजूला रक्ताची हगवण सुरू झाली असून 11 पिल्ले दगावली. त्यांनाही आधी पायपराझिनच दिले, काही फरक पडला नाही. मग दुकानदाराच्या सांगण्यावरून अँप्रोलियम हे रक्ती हगवणीवरचे औषध सुरू केले आणि अशक्तपणा जावा म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्सही देत आहे. तुसाची गादी ओली झाल्याने तिच्यावर चुना पसरला, तर आता शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरतात.

हा एकच आजार आहे की दोन? तीन आठवड्यांत जंत परत कसे येतात? श्रावणात अंड्यांची मागणी तशीही घटते, म्हणून मोठा औषधोपचार तोपर्यंत थांबवून ठेवावा, असे मनात आहे. ते योग्य ठरेल का?

प्रतिसाद 1 (पशुवैद्यक, फोंडा)

आधी त्या बाईंना निरोप द्या: कोंबडीतील हा गोलकृमी माणसाच्या आतड्यात वाढत नाही. आतड्यातून गुदमार्गाकडे आलेला एखादा जंत अंडनलिकेत वर चढतो आणि कवच तयार होताना आत अडकतो. हे क्वचितच घडते, परंतु घडले याचा अर्थ कळपात जंतांचा भार मोठा आहे.

तुमच्याकडे दोन वेगळे आजार दिसतात. मोठ्या कोंबड्यांत एस्कॅरिडिया गॅली हा गोलकृमी असावा. पायपराझिन फक्त पूर्ण वाढलेल्या जंतांवर चालते. आतड्याच्या अस्तरात रुतून बसलेल्या अळ्या त्यातून सुटतात आणि काही आठवड्यांत तुम्हाला पुन्हा जंत दिसू लागतात. शिवाय विष्ठेतून पडलेली जंतांची अंडी उबदार, ओल्या गादीत साधारण दोन आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि कित्येक महिने टिकतात. कुळागरातील गांडुळे खाल्ल्यानेही ही लागण होते. अळ्यांवरही चालणारे फेनबेंडाझोलसारखे औषध लागेल. त्याची मात्रा आणि अंडी किती दिवस विकायची नाहीत, हे वेष्टनावर पाहून आणि तुमच्या पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा.

पिल्लांचा आजार मात्र जंतांचा नव्हे; रक्ती हगवण आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होते, म्हणून जंतनाशकाचा तिच्यावर उपयोग नाही. नुकतेच मेलेले पिल्लू उघडून पाहा. आंधळ्या आतड्यांच्या दोन्ही पिशव्या रक्ताने भरलेल्या असतील, तर आयमेरिया टेनेला समजावा. बी-कॉम्प्लेक्स आजच बंद करा, कारण अँप्रोलियम त्या परजीवीला बी-1 हे जीवनसत्त्व मिळू न देऊनच मारते आणि तुम्ही वरून तेच पुरवत आहात. दोन दिवसांत रक्त थांबले नाही, तर टोल्ट्राझुरिल या दुसऱ्या औषधाचा विचार होऊ शकतो. मात्र ते अंड्यांवरच्या कोंबड्यांना देऊ नये, आणि जाळीपलीकडच्या पाण्याच्या भांड्यांत ते मिसळणार नाही याची काळजी घ्या.

ओल्या गादीवर चुना टाकला की अमोनिया उसळतो आणि नेहमीच्या जंतुनाशकांनी आयमेरियाचे बीजाणू मरत नाहीत. उष्ण, ओलसर हवेत ते एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. पाणवठ्याभोवतीचे गोळे झालेले तूस काढून दूर नेऊन टाका आणि कोरडे तूस रोज हलवा. मोठ्या कोंबड्या आजारी न दिसताही बीजाणू टाकत असतात, त्यामुळे पिल्ले वेगळ्या छपराखाली हलवणे हाच खरा उपाय आहे. हलवेपर्यंत तरी रोज आधी पिल्लांचे काम करून मग कोंबड्यांकडे जा आणि दोन्हीकडच्या चपला वेगळ्या ठेवा.

श्रावणाची वाट पाहू नका. आज शेडमधल्या वेगवेगळ्या जागांची ताजी विष्ठा गोळा करून जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या. विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसत असतील तर तेही सांगा, कारण ते पट्टकृमीचे असतात, मुंग्या, भुंगेरे आणि माशा खाल्ल्याने येतात आणि त्यांचे औषध वेगळे असते.

प्रतिसाद 2 (केपे)

आमच्याकडेही दोन पावसाळे हेच झाले. शेडच्या कडेने वळचण चार फूट पुढे काढली आणि पाणी पिण्याचे निपल पिल्लांच्या डोक्यावर थोडे उंच लावले, तेव्हा गादी कोरडी राहू लागली.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. बी-कॉम्प्लेक्स बंद केले आहे. मेलेले पिल्लू उघडले, दोन्ही पिशव्या रक्ताने भरलेल्या होत्या. तांदळासारखे तुकडे दिसले नाहीत. विष्ठेचा नमुना उद्या सकाळी घेऊन जातो. पिल्ले जुन्या गोठ्यात हलवतो आहे. गोठ्याची जमीन मातीची आहे, तिच्यावर नवे तूस घालण्याआधी काय करावे, एवढे सांगाल का?