मदत हवी आहे : आयर्न मारताना हात पुढे ठेवले की बॉल उजवीकडे, सोडले की फॅट

नमस्कार मंडळी,

गोल्फ खेळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांचाच सल्ला हवा आहे. प्रश्न तसा एकच, पण बराच काळ सुटत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी उजव्या हाताने खेळते. ड्रायव्हर (लांब मारण्याचा क्लब) ठीक चाललाय, पटिंगबद्दलही तक्रार नाही. घोडं अडतं ते आयर्नपाशी (धातूच्या चपट्या पात्याच्या क्लबपाशी), म्हणून ७ नंबरचंच उदाहरण घेते. बॉल उंच जातो पण अंतर कापत नाही. एखादा शॉट फॅट, म्हणजे क्लब बॉलच्या आधीच जमिनीत, तर पुढचाच थिन : पात्याची कड बॉलच्या पोटात बसते आणि तो जमिनीलगत सुसाट सुटतो. दोन्हीचं मूळ एकच असावं. स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतोय.

समोरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. इम्पॅक्टची, म्हणजे क्लब बॉलला लागतो त्या क्षणाची फ्रेम थांबवून पाहिली, तर शाफ्ट (क्लबची दांडी) चक्क मागे झुकलेला आणि क्लबहेड हातांच्या पुढे निघून गेलेलं. डावं मनगट मागे मोडलेलं. ग्लोव्हच्या पट्टीपाशी पडलेल्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतील इतक्या स्पष्ट. उजवी टाच अजून जमिनीवर, म्हणजे वजन बरंचसं मागेच.

आता खरी अडचण. जो तो सांगतो, इम्पॅक्टला हात बॉलच्या पुढे हवेत. तसं केलं की कॉन्टॅक्ट लगेच सुधारतो, आवाजही भरीव येतो. पण बॉल उजवीकडे सुटतो आणि पुढे आणखी उजवीकडे वळतो. फेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे बघत राहतोय हे कळतं. तो बंद करायला जावं तर मनगट पुन्हा तसंच मोडतं. एक सांधलं की दुसरं उसवतं.

बॅकस्विंगच्या सौंदर्याची मला चिंता नाही. अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना केवढा वळसा घेतो, तरी त्यानेच २०१६ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये) ५८ फटक्यांची फेरी खेळली. बॉलला क्लब भेटतो तो सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. त्या क्षणी क्लब नीट यावा एवढंच मला हवंय. सुरुवात कुठून करू? मनगट, वजन, की आणखी काही?

प्रतिसाद १

ग्रिप कशी आहे? बॉलसमोर उभ्या राहून खाली पाहिल्यावर डाव्या हाताचे किती नकल (बोटांच्या मुळाशी असलेले सांधे) दिसतात?

धागालेखिका

एक नीट दिसतो, दुसरा जेमतेम. अंगठा शाफ्टच्या बरोबर मधोमध.

प्रतिसाद २

मग माझ्या मते गाठ तिथेच आहे.

डाउनस्विंगमध्ये फेस सतत बंद होत येत असतो. हात पुढे नेले म्हणजे क्लबहेड हातांच्या मागे राहिलं, आणि बॉलशी पोहोचताना फेसला बंद व्हायला मिळालेली संधी कमी झाली. तुमची ग्रिप कमजोर (म्हणजे सैल नव्हे, डावा हात ग्रिपवर डावीकडे वळलेला) आहे, त्यामुळे फेस आधीच उघडा. अशा वेळी शरीर स्वतःच तोडगा काढतं : शेवटच्या क्षणी मनगट मोडून क्लबहेड पुढे फेकतं, फेस सरळ होतो, बॉल निदान नजरेसमोर राहतो. तुम्ही ज्याला दोष म्हणताय ती फ्लिप उघड्या फेसची भरपाई आहे. भरपाई काढून घेतली आणि फेस तसाच ठेवला तर बॉल उजवीकडे जाणारच. आयर्नचा बॉल कुठल्या दिशेने सुटेल, यात साधारण तीन चतुर्थांश वाटा फेसच्या दिशेचा असतो.

म्हणून क्रम उलटा करा. आधी फेस, मग हात.

डावा हात ग्रिपवर किंचित उजवीकडे फिरवा, दोन ते अडीच नकल दिसतील इतका. अंगठाही मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडे येईल. उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीमधली रेघ उजव्या खांद्याकडे जाऊ द्या. पहिले काही दिवस हे विचित्र वाटेल आणि हात आपसूक जुन्या जागी जातील, तेव्हा प्रत्येक शॉटआधी पाहा.

मग बॉल न ठेवता इम्पॅक्टची पोझ घ्या. वजन डाव्या पायावर, उजवी टाच थोडी उचललेली, कंबर लक्ष्याकडे उघडलेली, खांदे कमरेपेक्षा कमी उघडलेले, हात डाव्या मांडीसमोर, डावं मनगट सपाट. आता फेस कुठे बघतोय ते पाहा. उजवीकडे बघत असेल तर डाव्या मनगटाची मागची बाजू जराशी जमिनीकडे वळवा आणि फेस सरळ होताना पाहा. ही जाणीव हाताला झाल्याशिवाय पूर्ण स्विंगला हात घालू नका. त्यानंतर कमरेपासून कमरेपर्यंतचे छोटे शॉट, अर्ध्या वेगाने. शेवटी थांबून बघायचं : शाफ्ट आणि डावा हात एका रेषेत आहेत का?

प्रतिसाद ३

वरचं सगळं पटलं. फक्त व्हिडिओबद्दल सावध करतो. फोन सेकंदाला २४० फ्रेम घेत असेल तर दोन फ्रेममध्ये सुमारे ४ मिलिसेकंद जातात. क्लबहेडचा वेग सेकंदाला ३६ मीटर धरला तरी तेवढ्यात ते १५ सेंटीमीटर पुढे जातं. तुम्ही थांबवलेली फ्रेम बॉल सुटल्यानंतरची असू शकते, आणि तेव्हा क्लबहेड हातांच्या पुढे जाऊ लागणं चुकीचं नाही. शिवाय फोनच्या कॅमेऱ्यात वेगवान शाफ्ट वाकडा दिसतो. फॅट-थिनचं गणित जुळतंय, त्यामुळे तुमचं निदान बरोबरच असेल, पण सुधारणा मोजायला त्या एका फ्रेमवर विसंबू नका.

त्यापेक्षा जमीन खरं सांगते. बंकरमधल्या वाळूत लक्ष्याच्या दिशेला काटकोनात एक रेघ ओढा, रेघ दोन पायांच्या मधोमध ठेवा आणि बॉलशिवाय स्विंग करा. वाळू रेघेवर किंवा रेघेच्या पुढे उडायला हवी. मॅटवर सराव करत असाल तर ही चूक लपते : क्लब मागे आपटून घसरत बॉलपर्यंत येतो आणि शॉट बरा वाटतो. मॅटवर बॉलच्या मागे वीतभर अंतरावर घडी केलेला टॉवेल ठेवा. टॉवेल हलला की समजायचं.

प्रतिसाद ४

माझा थोडा मतभेद आहे. ग्रिप बदला, पण वजन मागेच राहिलं तर खालचा बिंदू पुढे येणार नाही. टूरवरचे खेळाडू ७ नंबर आयर्न साधारण ४ अंश खाली येताना मारतात, आणि त्यासाठी छाती बॉलच्या वर यावी लागते. उजवा पाय मागे घेऊन, फक्त अंगठ्यावर टेकवून अर्धे स्विंग मारून बघा. मागे राहायला जागाच उरत नाही.

आणि हे ड्रायव्हरला लावू नका. तिथे बॉल टीवर (छोट्या खुंटीवर) आणि डाव्या पायाशी असतो, हात तेवढे पुढे लागत नाहीत. तुमचा ड्रायव्हर बरा चाललाय तो बहुधा म्हणूनच.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लिप ही भरपाई असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ग्रिप बदलून छोटे शॉट मारतेय. टॉवेल बहुतेक वेळा जागेवर राहतो. पण आता बॉल डावीकडे सुटतो, कधीकधी चक्क हुक, म्हणजे डावीकडे जोरात वळतो. ग्रिप जास्तच फिरवली का?

प्रतिसाद २

दोन-अडीच नकल असतील तर ग्रिप मागे नेऊ नका. फेस आता वेळेत बंद होतोय, पण मनगट जुन्या सवयीने त्यात भर घालतंय. आता फिरायचं काम कमरेला आणि छातीला द्या. इम्पॅक्टनंतर शर्टाची बटणं लक्ष्याच्या डावीकडे बघेपर्यंत वळत राहा, हात नुसते सोबत येऊ देत. बॉल सरळ सुटायला लागला की स्विंग थोडा लांबवा. पुन्हा डावीकडे गेला तर परत कमरेएवढ्या स्विंगवर या.