वजन उतरवायच्या ‘आयुर्वेदिक’ गोळ्या: लेबलवर काय बघायचं?

लालमाती_कोल्हापूर
तालमीतली पोरं वजनगट गाठायला दोन गोष्टी घेतायत. एक ऑनलाइन मागवलेली ‘हर्बल फॅट बर्नर’ची डबी. रोज ४ गोळ्या. एका गोळीत ग्वाराना अर्क ४०० मिग्रॅ (कॅफिन २२ टक्के), ग्रीन टी अर्क ५०० मिग्रॅ (त्यातला मुख्य घटक ईजीसीजी ५० टक्के) आणि सिट्रस ऑरँटियम १०० मिग्रॅ. दुसरी जिमच्या काउंटरवर मिळणारी पांढरी डबी. तिच्यावर ‘१०० टक्के आयुर्वेदिक, महिन्यात ८ किलो’ एवढंच छापलंय. घटकांच्या जागी ‘गुप्त वनौषधी’. बॅच नंबर नाही, पत्ता नाही. ही घेणाऱ्यांची भूक पहिल्याच दिवशी मेली, तोंड कोरडं पडतंय, रात्र रात्र झोप नाही. पोरांचं एकच पालुपद: झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो. यात खरं किती? आणि तक्रार करायची तर कुठं?

फार्मसी_शाहूपुरी
आधी पहिल्या डबीचा हिशेब करू. ४०० चे २२ टक्के म्हणजे गोळीमागे ८८ मिग्रॅ कॅफिन, चार गोळ्यांचं ३५२. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये धडधाकट प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिग्रॅ ही मर्यादा सांगितली. तीन गोळ्या एकदम टाकल्या की एका वेळची मर्यादा गेली. वर दिवसभराचा चहा आणि प्री-वर्कआउटचा (व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीचा) एक स्कूप, ज्यात बहुतेक वेळा २०० च्या आसपास कॅफिन असतं. बेरीज तुम्हीच करा. ग्रीन टीच्या अर्कातलं कॅफिन तर मी धरलेलंच नाही.

माझ्या मते ग्रीन टीचा आकडा जास्त वाईट आहे. २५० गुणिले ४ म्हणजे दिवसाला १००० मिग्रॅ ईजीसीजी. त्याच युरोपीय संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं की अर्काच्या रूपात रोज ८०० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त घेतलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली दिसतात. कपातल्या ग्रीन टीची ही गोष्ट नाही. गोळीतला अर्क उपाशीपोटी घेतला की रक्तात जास्त उतरतो, आणि पोरं घेतात नेमकी पहाटे व्यायामाआधी, रिकाम्या पोटी. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही दिसलं तर गोळ्या बंद आणि एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून घ्या.

सिट्रस ऑरँटियम म्हणजे कडू संत्रं. त्यातलं सिनेफ्रिन हे इफेड्रिनच्या, म्हणजे इफेड्रा वनस्पतीतल्या उत्तेजकाच्या, नात्यातलं. अमेरिकेत २००३ च्या फेब्रुवारीत स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा बेसबॉलपटू सरावात उष्माघातानं गेला. तो इफेड्रा असलेली वजनाची गोळी घेत होता. २००४ मध्ये तिथं इफेड्रिनवाल्या सप्लिमेंटवर बंदी आली आणि कंपन्यांनी ‘इफेड्रामुक्त’ असं छापून कडू संत्रं घातलं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, तेही याच कुळातलं. दोन्ही एकत्र घेतलं की बीपी चढतं.

दुसरी डबी आज बंद करा. एका दिवसात भूक मारणारी वनौषधी मला तरी माहीत नाही. भूक जाणं, कोरडं तोंड, निद्रानाश, बद्धकोष्ठ, वाढलेली नाडी हे सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधाचं ठरलेलं चित्र आहे. हृदयरोग्यांवरच्या मोठ्या चाचणीत त्यानं हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला, म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते गेलं. भारतात २०११ पासून बंदी आहे. ‘हर्बल’ स्लिमिंग गोळ्यांत चोरून घातलेलं सापडतं ते बहुतेक हेच. चोरून घालणारा १० मिग्रॅ घालतो का ३०, हे त्यालाही ठाऊक नसतं.

रंकाळा_वॉकर
यूट्यूबवर घरगुती टेस्ट आहे. गोळीची पूड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकायची. गुलाबी झाली की केमिकल!

वैद्य_महाद्वार
दादा, ती टेस्ट फक्त फिनॉल्फ्थॅलिनची. ते जुनं जुलाबाचं औषध, तेही अशा डब्यांत घालतात. पण सोड्याच्या पाण्यात हळद लालसर होते, सोनामुखीसुद्धा. पोट साफ करायच्या निम्म्या चूर्णांत सोनामुखी असतेच, मग चांगलं चूर्णही गुन्हेगार ठरेल. आणि सिब्युट्रामिन असेल तर पाण्याचा रंग बदलणारच नाही, त्याला प्रयोगशाळेतलं यंत्रच लागतं.

‘झाडपाला म्हणजे निर्धोक’ म्हणणाऱ्यांना सोमलता दाखवा. हिमालयातली ही वनस्पती इफेड्राच आहे, दम्यात वापरतात ती त्यातल्या इफेड्रिनमुळंच. बला म्हणजे आपला चिकणा. त्यातही ते अगदी थोडं असतं. बलारिष्टानं काही होत नाही, पण परदेशी लेबलवर ‘सिडा कॉर्डिफोलिया एक्स्ट्रॅक्ट’, म्हणजे बलाचाच अर्क, दिसलं तर सावध. मेदोहर गुग्गुळ घेणाऱ्यांनी बीपीच्या गोळ्या चालू असतील तर विचारून घ्यावं. गुग्गुळामुळं प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही बीपीची औषधं रक्तात कमी उतरतात.

कायद्यातली गोम अशी, की आयुर्वेदिक औषध बनवायला लायसन्स लागतं, विकायला लागत नाही. म्हणून ते जिमच्या काउंटरवर दिसतं. पण डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच, तारीख आणि घटक हवेतच. शिवाय लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत बसते. तुमच्या पांढऱ्या डबीवरचं ‘महिन्यात ८ किलो’ तिथंच अडकतं.

लालमाती_कोल्हापूर
एकदम बंद केलं तर पोरांना त्रास होईल का? आणि स्पर्धेत टेस्ट झाली तर?

फार्मसी_शाहूपुरी
कॅफिन सुटलं की दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, सुस्ती येते, आठवड्याभरात जातं. दुसरी डबी एकदम सोडली तरी चालते. पण छातीत दुखलं, धडधड थांबेना किंवा चक्कर आली तर डबी बरोबर घेऊन सरळ सीपीआर रुग्णालयात. काय खाल्लंय ते डॉक्टरला दिसलं पाहिजे. तोवर रबरी सूट घालून पळणं बंद. उत्तेजकानं कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि अंगातलं पाणी तर आधीच काढलेलं असतं.

सिब्युट्रामिन आणि इफेड्रिन वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहेत. लघवीत इफेड्रिन मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की पॉझिटिव्ह. ‘डबीवर लिहिलं नव्हतं’ हे सांगून सुटका होत नाही.

लेबलवाचक
तक्रारीचं बघू. पहिली डबी अन्न कायद्याखाली येते. तिच्यावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना हवी. नंबर एफएसएसएआयच्या फॉसकॉस या परवाना पोर्टलवर टाका, कंपनीचं नाव जुळतं का बघा. जुळलं तरी माल तपासलाय असं धरू नका, तो नंबर धंद्याच्या परवान्याचा. अन्नपदार्थ ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो (कलम ४०), पण विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. हे न सांगता आणलेली डबी त्या वाटेनं चालत नाही, तिथं बरेच जण अडकतात.

दुसरीसाठी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यांचा टोल फ्री १८०० २२२ ३६५ आहे. डबीच्या चारी बाजूंचे फोटो, बिल किंवा यूपीआयचा स्क्रीनशॉट, खरेदीची तारीख, कुणाला काय त्रास झाला ते जोडा. उरलेल्या गोळ्या त्याच डबीत राहू द्या, दुसऱ्या पिशवीत काढू नका. काउंटरवर शिल्लक साठा आहे का हेही अर्जात लिहा, कारण इन्स्पेक्टर कायदेशीर नमुना तिथूनच उचलणार. आणि जिमवाल्याशी आधी भांडू नका, साठा हलवतील.