एकच वाफा करा, उशीर झालेला नाही
घरात आजारपण आलं, परड्यात, म्हणजे घरामागच्या बागेत, तण माजलं, आता दिवाळीनंतर भाजी लावून उपयोग आहे का, असं विचारलंय तुम्ही. आहे, ताई. वडील गेले त्या वर्षी आमच्या वडगावच्या परड्यात मीही महिनाभर पाऊल टाकलं नव्हतं.

सगळं परडं एकदम साफ करायला जाऊ नका, एकच वाफा करा. आपली काळी माती ओली असताना खणली तर ढेकळं दगडासारखी होतात, म्हणून वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी ओल, बघूनच कुदळ मारा. शेणखत कुजलेलंच घाला. मेथी ३-४ दिवसांत वर येते, महिन्याभरात काढायला होते. धणे मात्र रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा. कोथिंबीर उगवायला ८-१० दिवस घेते, तोवर वाफा उकरून बघू नका.

त्या वर्षी पहिली मेथीची जुडी आईच्या हातात दिली, तेव्हा कितीतरी दिवसांनी ती भाकरी थापायला उठली.